कासऱ्याच्या टोकाशी नदी

भाकरी टोपल्यात झाकल्या, चुलीतला विस्तव राखेखाली सारला, की महानंदा खुंटीवरचा कासरा खांद्यावर टाकायची, ईरूला कडेवर घ्यायची आणि काठ मोजायला निघायची. दुसऱ्या बाया पाण्याला जातात, सरपणाला जातात. ही नदी मोजायला जायची. शेजारीपाजारी असते तर हसले असते. पण शेजार होताच कुठं?

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गावापासून लांब, ऐन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, त्यांचा आखाडा, रानातलं घर. मातीच्या भिंती, वर पत्रे, एका बाजूला बैलांचा गोठा. घरात माणसं म्हणाल तर ती, नुकता पाऊल टाकायला लागलेला ईरू आणि सासरे सांबप्पा. सांबप्पांना आता धूसरच दिसायचं. सासू जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरा चन्नबसप्पा जिंतूरला सरकी-पेंडीच्या दुकानात कामाला, सवड मिळेल तसा यायचा. त्या पावसाळ्यात नामांतराचे मोर्चे आणि बंद सुरू झाले, एसट्या कधी सुटायच्या, कधी नाही. त्याचं येणं आणखी लांबलं. मग दिवसच्या दिवस महानंदा बोलायची ती बैलांशी, ईरूशी आणि निलूशी.

निलू म्हणजे नीलम्मा, तिची पहिली लेक. रांगता रांगता उंबऱ्याला हात लावायला लागली होती, तेवढ्यात तापानं गेली. यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. कपाळाला भस्म लावून, बसतं करून देतात, मग ते म्हातारं असो की तान्हं. बायांनी मातीला जायचं नसतं. महानंदानं दारातूनच पाहिलं होतं. पुढं जंगम, मागं चन्नबसप्पा, आणि त्याच्या हातात पांढऱ्या फडक्यातलं एवढंसं गाठोडं. रानाच्या पार टोकाला, नदीकडच्या बांधावर, बाभळीच्या बुडाशी त्यांनी निलूला बसवलं आणि वर एक काळा चपटा दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी महानंदा कुणाला न सांगता एकटीच गेली, दगडावर तळहात ठेवून बसली. दगड उन्हानं ऊन झाला होता. तिला बरं वाटलं. लेकरू गार पडलेलं नाही, असं काहीतरी वेडं तिच्या मनात आलं.

आणि पुढच्याच पावसाळ्यापासून गंगेनं काठ खायला घेतला.

तसं काठ खाणं हा नदीचा धर्मच. या कडेचं घ्यायचं, त्या कडेला द्यायचं. पण या थडीचं ती नुसतंच घेत सुटली. आधी उतार गेला, मग पाणंद गेली, मग दगडी बांधणीची विहीर एका रात्रीत अशी गेली की सकाळी सांबप्पा बादली घेऊन उभे आणि समोर नुसतं गढूळ पाणी.

थडीच्या गावागावांतून तक्रारी गेल्या, तेव्हा पाटबंधाऱ्याचा माणूस काठ मोजायला येऊ लागला. सटवाजी त्याचं नाव. सायकलवर फीत, घण आणि लोखंडी खुंट्यांचं पोतं बांधून यायचा. बोलघेवडा गडी.

"तुमच्या थडीच्या मान्सांची कमाल हाय काका," सांबप्पांपुढं चहा फुंकत तो म्हणायचा. "मी खुंट्या ठोकून जातो, अन् परत येऊन बगतो तर एकीला शेळी, एकीला रेडकू! सरकार नदी मोजायलंय का जनावरं बांधायलंय, तेच कळंना."

"आमची नगं सांगू बाबा," सांबप्पा हसायचे. "आमचे बैल लाकडी खुंट्याला हायत."

"तुमची खुंटी गंगेनंच नेली. तिला बी काहीतरी बांधायचं आसंल."

महानंदा दाराआडून ऐकत होती. तिला हसू आलं नाही.

रोहिण्या निघायच्या सुमाराला तो शेवटचा आला तेव्हा तिलाच म्हणाला, "वहिनी, पावसाळ्यात मला हिकडं येनं होत न्हाई, चिखलात सायकल खांद्यावर घ्यावी लागती. तुमी शाळा शिकलेल्या दिसता."

"सातवी."

"लय झालं की! मग हे काम तुमीच करा. फीत न्हाई देता येत, पर कासरा चालतोय. एक जागा धरायची अन् तिथून काठापत्तुर कासरा लावून बगायचा. कासरा पुरून उरला तर समजायचं, गंगा आत आली. एकच गोष्ट ध्येनात ठिवा. ज्या जागंपासून मोजायचं ती जागा हलली न्हाई पायजे. जागा हलली की मोजमाप झूट."

"कोणती धरू?"

"घराचा कोपरा धरा. देऊळ धरा. झाडाचा भरवसा न्हाई. जे हलत न्हाई ते धरा, बस."

महानंदानं मान हलवली. घराचा कोपरा तिच्या मनातही आला, नाही असं नाही. पण घराची फिकीर तिला नव्हतीच. पाणी निलूपासून किती लांब आहे, एवढंच तिला रोज जाणून घ्यायचं होतं. आणि एकदा मातीला दिलेल्या लेकरापेक्षा न हलणारं या जगात दुसरं काय असतं? तिनं निलूचा दगड धरला. कासऱ्याचं एक टोक दगडावर ठेवलं, वर खडा ठेवला, आणि नदीकडं चालत गेली. जिथं काठ संपला, तिथंच कासरा संपला. ना उरला, ना कमी पडला. तिला ती खूणच वाटली.

मग पाऊस लागला आणि तिचा नेमच झाला. रोज कासरा लावायचा, आणि रोज तो बरोबर काठावर संपायचा. आषाढ गेला, श्रावण गेला, पोळ्याला बैल सजले. पाणी वाढलं, उतरलं, पुन्हा वाढलं. कासरा तेवढाच. काठावर उभी राहिली की खालून ओल्या गाळाचा आणि सडक्या लव्हाळ्याचा वास वर यायचा. मधूनच कुठंतरी दरड सुटायची, धप्प. पण इथं नाही, लांब कुठंतरी, असं ती स्वतःला सांगायची. आमचा काठ शाबूत आहे. निलूनं राखलाय.

हायब्रीड ज्वारी डोक्यावर गेली होती. घरातून निघालं की धाटांच्या मधल्या वाटेनं चालायचं, पात्यांची सळसळ सोडली तर काही ऐकू नाही, काही दिसत नाही, आणि एकदम समोर निलू. वाट आताशा लवकर सरायची. पायाखालची वाट जवळ वाटतेच, तिला त्यात नवल वाटलं नाही. ईरू मात्र त्या वाटेवर अंगाला घट्ट चिकटायचा. दगडापाशी आलं की मान वळवून महानंदाच्या पाठीमागं बघायचा आणि हसायचा. कुणी खुळखुळा दाखवल्यावर हसावं तसा.

"गंगा लय जवळ ऐकू यायलीय गं," एका संध्याकाळी सांबप्पा अंथरुणावरून म्हणाले. डोळे गेलेल्या माणसाचे कान तिखट. "उशाखाली पानी वाहिल्यावानी."

"पानी वाढलंय मामा. काठ तेवढाच हाय."

"मोजलास?"

"आजच."

"मग झालं." त्यांनी कूस वळवली. सुनेनं मोजलंय म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं.

भादव्यात गावातून तात्याराव सांगावा घेऊन आला. वरच्या धरणाचं पाणी सुटणार, थडीच्या लोकांनी शाळेत येऊन राहावं. बांधावर पायांचा चिखल निरपत तो म्हणाला, "सांबप्पाकाका, गाडी जुंपा. खालच्या आळीचे समदे आले. तुमीच राह्यलात, नदीचे जावई असल्यावानी."

सांबप्पांनी तोंड सुनेकडं वळवलं. "काय म्हनतीस?"

जायचं म्हणजे निलूला इथं एकटं ठेवून जायचं. पाणी चढलं आणि आपण शाळेच्या पत्र्याखाली बसलेलो असलो तर? महानंदानं खुंटीवरच्या कासऱ्याकडं पाहिलं.

"कासरा जरा बी उरत न्हाई मामा. काठ लांब हाय अजून. लेकराला गर्दीत न्यायचं, तिथं तापाची साथ..."

"झालं तर," सांबप्पा तात्यारावला म्हणाले. "आमच्या सूनबाईनं मोजलंय. सरकारी माप हाय ते."

तात्याराव गेला. त्याच्यामागं ज्वारी मिटली आणि आखाडा पुन्हा एकटा पडला.

दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, आभाळ काळं नव्हतं, मळक्या पितळेसारखं होतं. पाऊस थांबलेला. वाराही नाही. महानंदा चिमणीची काच पुसत होती, तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. सटवाजी. चिखलानं मांड्यांपर्यंत माखलेला, आणि आज तोंडात एकही थट्टा नाही.

"वहिनी, अजून हितंच? तात्याराव म्हनला, तुमी काठ लांब हाय म्हनून राह्यलात."

"लांबच हाय की भाऊ. रोज मोजते मी."

"कुठून मोजता?"

तिनं हातातली काच खाली ठेवली. सटवाजीनं फितीची पेटी सोडली, टोक घराच्या कोपऱ्याला धरायला सांबप्पांना दिलं आणि गोठ्याच्या बाजूनं चालू लागला. गोठ्यामागं वळला आणि दिसेनासा झाला. फीत थोडीशीच सरकली आणि थांबली. गेल्या खेपेला हीच फीत पुन्हा पुन्हा उचलून टाकावी लागली होती, हे महानंदाला आठवत होतं; तिनंच तर टोक धरलं होतं.

"वहिनी..." गोठ्यामागून त्याचा आवाज आला, पडलेला. "जरा हिकडं या. लेकराला घिऊ नका. त्याला आजोबांजवळ द्या."

ईरूला सांबप्पांच्या मांडीवर ठेवून ती गेली.

गोठ्यामागं ज्वारीच्या चारच ओळी उभ्या होत्या. त्यांच्यामधून पाणी दिसत होतं. रुंद, तपकिरी, आवाज न करता वाहणारं. सगळं रान गेलं होतं. बांध गेला होता. बाभूळ गेली होती. आणि गोठ्याच्या कुडाला लागून, जिथं बैलांचं शेण टाकायची जागा, तिथं काळा चपटा दगड होता.

रोज ती इथंच येत होती. रोज. ज्वारीतनं वळून, वाट सरली की इथंच. तिला इतके दिवस कळलं कसं नाही?

"ह्यो दगड," सटवाजी हळूच म्हणाला, "गेल्या दिवाळीला मी बाभळीखाली बगितला होता. मी ईचारलं बी, तर काका म्हनले, नातीचा हाय. कुनी आनून ठिवला हितं?"

"कुनी न्हाई."

तो खाली बसला. दगडाच्या चहूबाजूंनी हरळी दाट विणलेली, मुळं खोल. एका कडेला मुंग्यांचं वारूळ, जुनं, पावसानं कडा गोल झालेलं. दगडाच्या बुडाशी हिरवं शेवाळ, मातीपर्यंत सलग. हलवलेल्या दगडाच्या बुडाशी माती उघडी पडते, गवत पिवळं दिसतं. हा दगड हलवलेला नव्हता. हा इथं वर्षानुवर्षं होता.

"कासरा लावा," सटवाजी म्हणाला. "बगू."

ती खुंटीवरचा कासरा घेऊन आली. टोक दगडावर ठेवून खडा ठेवला. कासरा उलगडत चार ओळी ओलांडून गेली. जिथं काठ संपला, तिथंच कासरा संपला.

दोघंही बघत होते, तेवढ्यात तिच्या पायाच्या पुढची जमीन भेगाळली. सटवाजीनं तिचा दंड धरून मागं ओढलं. धप्प. ज्वारीची एक अख्खी ओळ धाटांसकट, कणसांसकट उभीच्या उभी खाली गेली. पाण्यानं ती एकदा फिरवली आणि नेली.

काठ आत आला होता. कासरा आता पाण्यावर लोंबकळायला हवा होता. महानंदानं खाली पाहिलं. तो बरोबर नव्या काठावर संपत होता. दगडावरचा खडा जागचा हलला नव्हता.

फक्त मागं बैलानं एकदम हिसडा दिला. कारण दगड आता कुडाच्या आत होता, त्याच्या मागच्या पायांशी, आणि त्याच्याभोवती हरळी होती, आणि वारूळ.

"पळती हाय का ती पान्यापासून..." सटवाजी मागं सरला, "...का पानी आनायलीय वहिनी? घराकडं?"

महानंदाला दोन्ही खरं वाटत होतं. लेकरू घाबरलं की आईकडंच येतं. आणि जे त्याच्या मागं लागलेलं असतं, तेही त्याच्यामागून दारापर्यंत येतंच.

घरातून ईरूचं हसणं ऐकू आलं.

मग सगळं घाईनं झालं. सटवाजीनं बैल सोडून गाडीला जुंपले. ते दगडाकडं बघत फुरफुरत होते, पण गोठ्यातून बाहेर यायला त्यांना ओढावं लागलं नाही. ज्वारीचं पोतं, दोन गोधड्या, भांड्यांचं गाठोडं, सांबप्पांची इष्टलिंगाच्या पूजेची पिशवी. सांबप्पा बैलांचा कासरा धरून पुढं बसले. रस्ता बैलांनाच ठाऊक होता, डोळ्यांचं काम नव्हतं.

"निलूच्या दगडाला हात लावून येते," महानंदा म्हणाली.

"नगं," सांबप्पा एकदम बोलले. एवढ्या करड्या आवाजात ते कधी बोलत नसत. "मातीला दिलेल्याला निरोप देऊ न्हाई, हाक मारू न्हाई. तिला हितं ऱ्हाऊ दे. गंगा नेईल, गंगा बी आईच हाय. तू तुझं जितं लेकरू संभाळ."

खरं होतं त्यांचं. तिनं ईरूला छातीशी धरलं आणि गाडीत चढली. सटवाजी सायकल हातात धरून मागं चालू लागला. गाडी उचलली. चाकं कुरकुरली. मागून पत्रे वाजल्याचा आवाज आला, मग भिंत बसल्याचा. तिनं मागं पाहिलं नाही. डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांपुढं तिला उंबरा दिसला, आणि उंबऱ्याला लागलेला एक छोटा हात. आता तो उंबराही पाण्यात. आता ती कुणाकडं जाईल?

तिनं हाक मारली नाही. आवाज काढला नाही. ओठ तेवढे हलले.

चल.

बैल थबकले. सांबप्पांनी चुचकारलं, शेपट्या पिळल्या, तेव्हा चालले; पण चढ लागल्यावर मान खाली घालून ओढावं तसे, सपाट रस्त्यावर.

"गाडी काहून जड झाली?" सांबप्पा पुटपुटले. "काय काय भरलंस गं?"

"काही न्हाई मामा."

ईरू तिच्या मांडीवर मधोमध झोपला होता. झोपेतच तो सरकला. जरा पलीकडं, डाव्या मांडीवर. अंथरुणात दुसऱ्याला जागा करून द्यावी तसा. मग महानंदाची उजवी मांडी हळूहळू जड झाली. लुगडं तिथं ओलं लागलं, गार. गाळाचा वास आला. आणि त्या वासाखाली, अगदी पुसट, तान्ह्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा.

तिनं हात तिथं नेला नाही. नेला असता तर काय हाताला लागलं असतं, हे तिला माहीत होतं. अंग नुसतं झटकलं असतं, पाय खाली सोडले असते, तरी ते ओझं उतरलं असतं. ईरूचा हात एवढ्यात गार का लागतोय, हेही तिला कळत होतं. गाव आता जवळ आलं होतं. शाळेतला कंदील दिसत होता. तिथं लोक होते, लेकरंबाळं होती, सगळ्यांची.

गावाकडं आठवडाभर पाऊस फिरकलाच नव्हता, चिखल होता तो थडीचाच. रस्त्यावर फुफाटा होता, बैलांच्या खुरांनी उडत होता. मागून सटवाजीची पावलं थांबली.

"वहिनी..." तो म्हणाला. "हिकडं तर टिपूस पडलं न्हाई... मग गाडीच्या मागं चाकोरीत पानी कुठून भरायलंय?"

महानंदानं मान वळवली नाही. पदर सोडला, दोन्ही मांड्यांवर नीट पांघरला, कडा आत खोचल्या.

"मामा," ती म्हणाली, "बैलं थांबवू नका."